बारा गावचे पाणी प्यालेला आइस हॉकीपटू

उत्तर अमेरिकेतील राष्ट्रीय हॉकी लीग, अर्थात एनएचएल, ही जगातील सर्वांत मोठी व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धा होय. या लीगच्या विक्रमांच्या यादीत एक विक्रम असा आहे, की तो आपल्या नावावर लागावा अशी इच्छा बर्फावर पहिले पाऊल टाकणाऱ्या कोणत्याही मुलाने धरलेली नसेल. सर्वाधिक संघांकडून खेळण्याचा हा विक्रम कॅनडाच्या माइक सिलिंजर यांच्या नावावर आहे. १९९० ते २००९ या काळात ते बारा संघांकडून खेळले. अनुभवी माणसाला मराठीत 'बारा गावचे पाणी प्यालेला' म्हणतात. सिलिंजर यांच्या बाबतीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरला.

अशा खेळाडूला इंग्रजी क्रीडा पत्रकारितेत 'जर्नीमन' असे म्हटले जाते. या शब्दाचा प्रवासाशी संबंध असावा असे वरकरणी वाटते, परंतु त्याचे मूळ 'दिवस' या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. मध्ययुगीन युरोपात उमेदवारी पूर्ण केलेला, काम चांगले जाणणारा, पण स्वतःचा कारखाना नसलेला आणि दिवसाच्या मजुरीवर राबणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. तो अडाणी नव्हे आणि उस्तादही नव्हे. खेळाच्या मैदानावर हा शब्द काहीशा हेटाळणीने वापरला जातो. तो कितपत न्याय्य आहे, हे सिलिंजर यांची कारकीर्द पाहिल्यावर वाचकांनीच ठरवावे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती आवश्यक आहे. भारतात आइस हॉकी मुख्यत्वे लडाखमध्ये, हिवाळ्यात गोठणाऱ्या तळ्यांवर रुजली. २०२४ मध्ये खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धेचा पहिला टप्पा लेह येथे झाला, त्यातही या खेळाचा समावेश होता. चेंडूऐवजी रबराची कठीण चकती, म्हणजे 'पक', वापरली जाते. एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर असतात : तीन आघाडीपटू, दोन बचावपटू आणि एक गोलरक्षक. वेग इतका, की पाऊण ते एक मिनिटात खेळाडू दमतात आणि खेळ सुरू असतानाच त्यांची जागा दुसरे घेतात. त्यामुळे आघाडीपटूंच्या तीन-तीनच्या चार फळ्या असतात. पहिल्या दोन फळ्यांत गोल करणारे तारे आणि शेवटच्या दोन फळ्यांत कष्टाची कामे करणारे खेळाडू, अशी साधारण वाटणी असते. सिलिंजर यांचे आयुष्य बहुतांशी तिसऱ्या आणि चौथ्या फळीत गेले.

त्यांची सुरुवात मात्र तशी नव्हती. २९ जून १९७१ रोजी सास्काचेवान प्रांतातील रिजायना येथे जन्मलेले सिलिंजर गावातीलच रिजायना पॅट्स या कनिष्ठ संघातून पुढे आले. तेथे त्यांनी सलग तीन हंगामांत प्रत्येकी पन्नास किंवा त्याहून अधिक गोल नोंदविले. १९८९ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्ज संघाने त्यांना पहिल्याच फेरीत, एकूण अकराव्या क्रमांकावर निवडले. १९९१ च्या प्रारंभी सास्काटून येथे झालेल्या विश्व कनिष्ठ स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या कॅनडाच्या संघातही ते होते. या तरुणाच्या पुढे झळाळती कारकीर्द आहे असे त्या वेळी कोणालाही वाटले असते, आणि त्यात काही चूकही नव्हते.

अडचण होती ती डेट्रॉइटच्या संघरचनेची. सिलिंजर हे सेंटर, म्हणजे आघाडीच्या फळीतील मधले खेळाडू. डेट्रॉइटकडे याच जागेवर कर्णधार स्टीव्ह आयझरमन आणि रशियाहून आलेले सर्गेई फेडोरोव्ह होते. हे दोघेही पुढे हॉकीच्या सन्मान दालनात विराजमान झाले. वडाच्या झाडाखाली दुसरे झाड वाढत नाही; येथे तर वडाची दोन झाडे होती. सिलिंजर कधी मुख्य संघात, तर कधी दुय्यम लीगमधील संलग्न संघात अशा फेऱ्या मारीत राहिले. कनिष्ठ पातळीवर गोलांची बरसात करणाऱ्या या खेळाडूला टिकून राहण्यासाठी दुसरे काहीतरी शिकणे भाग पडले.

त्यांनी जे शिकून घेतले त्यावर पुढची सतरा-अठरा वर्षे निघाली. पहिली गोष्ट म्हणजे 'फेस-ऑफ'. खेळ थांबला की पंच दोन प्रतिस्पर्धी सेंटरच्या मध्ये पक टाकतात आणि स्टिकच्या एका झटक्याने तो आपल्या बाजूस ओढावा लागतो. एका सामन्यात हा प्रसंग पन्नासहून अधिक वेळा येतो. तो जिंकणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या बातमीत येत नाही, पण पक कोणाकडे राहणार हे तेथेच ठरते. दुसरी गोष्ट शिक्षेच्या काळातील बचावाची. नियमभंग करणाऱ्या खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि त्याच्या संघाला पाच जणांविरुद्ध चौघांनी किल्ला लढवावा लागतो. अशा वेळी अंगावर येणाऱ्या पकसमोर स्वतःचे शरीर आडवे घालणारे खेळाडू प्रशिक्षकांना हवे असतात. सिलिंजर या दोन्ही कामांत वाकबगार झाले. ही कौशल्ये कोणत्याही संघात चालतात. त्यांना ठराविक साथीदार लागत नाहीत, ठराविक डावपेच लागत नाहीत. आज आलेला खेळाडू आज संध्याकाळी उपयोगी पडतो. त्यांच्या भटकंतीचे एक कारण या गुणातच दडलेले होते.

दुसरे कारण लीगच्या व्यवस्थेत आहे. एनएचएलमध्ये खेळाडूचा करार ही एका अर्थी संघाची मालमत्ता असते. करारात तशी अट घालून घेतलेली नसेल, तर खेळाडूची संमती न घेता संघ तो करार दुसऱ्या संघास देऊ शकतो. मोबदल्यात दुसरा खेळाडू किंवा पुढील वर्षीच्या निवडीतील एखादा क्रमांक मिळतो. वेतन तेच राहते, करारही तोच राहतो. बदलते ते फक्त गाव. आपल्याकडे सरकारी नोकराच्या बदलीचा आदेश निघतो तेव्हा रुजू होण्यासाठी काही दिवस तरी मिळतात. येथे बऱ्याचदा दूरध्वनी येतो आणि दुसऱ्या दिवशीचे विमान पकडावे लागते. अदलाबदल रोखणारी अट मिळविण्याइतके वजन ताऱ्यांपाशी असते, तिसऱ्या फळीतील खेळाडूपाशी नसते. करार संपून खेळाडू मुक्त झाला तरच त्याला आपला संघ निवडता येतो, आणि त्या काळात पूर्णपणे मुक्त होण्यासाठी सर्वसाधारणपणे तिशी ओलांडावी लागत असे. २००५ च्या सामूहिक करारानंतर ही वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने २७ वर्षांपर्यंत खाली आली.

बारा संघ म्हणजे अकरा स्थलांतरे. त्यांपैकी केवळ दोन वेळा, २००१ मध्ये कोलंबस येथे आणि २००६ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सकडे, सिलिंजर स्वतः करार करून गेले. उरलेल्या नऊ वेळा त्यांना पाठविण्यात आले.

पहिला आदेश एप्रिल १९९५ मध्ये निघाला. डेट्रॉइटने त्यांना आणखी एका खेळाडूसह अनाहाइमला दिले. बदल्यात आलेल्यांत स्टू ग्रिमसन हे मुष्टियुद्धासाठी अधिक प्रसिद्ध असलेले धिप्पाड खेळाडू होते. पुढच्याच मार्चमध्ये अनाहाइमहून व्हँकुव्हर. फेब्रुवारी १९९८ मध्ये खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हरहून थेट पूर्वेकडील फिलाडेल्फिया. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टँपा बे. मार्च २००० मध्ये टँपाहून फ्लोरिडा पँथर्स, म्हणजे निदान राज्य तरी तेच राहिले. मार्च २००१ मध्ये फ्लोरिडाच्या उन्हातून ओटावाच्या हिमात, आणि तेथे अवघे काही आठवडे. यानंतर कोलंबस येथे दोन हंगाम मिळाले, तेही सलग.

२२ जुलै २००३ हा दिवस या कथेत स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. त्या दिवशी कोलंबसने सिलिंजर यांना डॅलस स्टार्स संघाकडे सोपविले आणि बचावपटू डॅरिल सायडर यांना घेतले. डॅलसने त्याच दिवशी सिलिंजर यांना फीनिक्स संघाकडे रवाना करून टेप्पो नुम्मिनेन या अनुभवी फिनिश बचावपटूस आपल्याकडे आणले. सिलिंजर त्या दिवसापुरते डॅलसचे खेळाडू होते. डॅलससाठी ते कधी बर्फावर उतरले नाहीत, म्हणूनच विक्रमाचा आकडा बारावर थांबला; अन्यथा तो तेरा झाला असता. फीनिक्समध्येही हंगाम पुरा झाला नाही. मार्च २००४ मध्ये एका गोलरक्षकाच्या बदल्यात त्यांची रवानगी सेंट लुइसला झाली.

मार्च महिना या यादीत पुन्हा पुन्हा येतो : १९९६, २०००, २००१ आणि २००४. हा योगायोग नव्हे. नियमित हंगामाच्या अखेरीस अदलाबदलीसाठी एक अंतिम तारीख असते. त्या तारखेपूर्वी स्टॅनले चषकाच्या बाद फेरीची आशा असलेले संघ आपली रचना पक्की करतात आणि आशा मावळलेले संघ उपयोगी खेळाडू देऊन भविष्यासाठी काहीतरी पदरात पाडून घेतात. फेस-ऑफ जिंकणारा, शिक्षेच्या काळात बचाव करणारा, वेतनही माफक असणारा खेळाडू या बाजारात सर्वांनाच हवा असतो. त्याला देऊन टाकताना कोणत्याही शहरात प्रेक्षक निषेधाच्या घोषणा देत नाहीत. तारा विकणे व्यवस्थापकास महागात पडू शकते आणि निकामी खेळाडूस कोणी घेत नाही. सारखी देवघेव होते ती मधल्यांचीच. तेव्हा इतक्या वेळा पाठविला गेलेला खेळाडू हा तितक्याच वेळा कोणीतरी मागून घेतलेला खेळाडू असतो, ही बाब विक्रमाची थट्टा करणारे सहसा ध्यानात घेत नाहीत.

याला आणखी एक पार्श्वभूमी आहे. सिलिंजर यांनी पदार्पण केले त्या १९९०-९१ च्या हंगामात लीगमध्ये २१ संघ होते. दहा वर्षांत ही संख्या ३० वर गेली. ओटावा आणि टँपा बे १९९२ मध्ये, अनाहाइम आणि फ्लोरिडा १९९३ मध्ये, नॅशव्हिल १९९८ मध्ये आणि कोलंबस २००० मध्ये लीगमध्ये आले. सिलिंजर यांच्या बारा संघांपैकी हे सहा, म्हणजे निम्मे, त्यांच्या पदार्पणाच्या वेळी अस्तित्वातच नव्हते. नव्या संघांना तारे मिळत नाहीत, त्यांना आधी विश्वासू कामकरी लागतात. लीगचा हा विस्तार झाला नसता, तर एवढी स्थलांतरे झाली नसती. कदाचित एवढी प्रदीर्घ कारकीर्दही झाली नसती.

भारतीय वाचकांना याचे जवळचे उदाहरण क्रिकेटमध्ये सापडेल. ऑस्ट्रेलियाचे आरोन फिंच २०१० ते २०२२ या काळात इंडियन प्रीमियर लीगमधील नऊ संघांकडून खेळले. तथापि एक महत्त्वाचा फरक आहे. आयपीएलचा हंगाम साधारण दोन महिन्यांचा असतो आणि खेळाडूचे घर आपल्या जागी राहते. एनएचएलमध्ये प्रत्येक संघ नियमित हंगामात ऐंशीहून अधिक सामने खेळतो आणि शरद ऋतूत सुरू झालेला हंगाम वसंतापर्यंत चालतो. खेळाडूचा संसार त्या शहरात मांडलेला असतो. तो स्वतः दुसऱ्या दिवशी नव्या शहरात जातो. मागे राहते ती सामानाची बांधाबांध, घराचा भाडेकरार, मुलांची शाळा, आणि हे सारे बहुधा पत्नीला निस्तरावे लागते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, पण विंचवाला मुलांच्या शाळेचा दाखला काढावा लागत नाही. सिलिंजर दांपत्याला तीन मुलगे आहेत. घराला हादरे बसू नयेत म्हणून कुटुंब एका ठिकाणी आणि खेळाडू दुसऱ्या ठिकाणी, हा मार्ग या व्यवसायात अनेकांना पत्करावा लागतो.

२००४-०५ चा हंगाम संघमालक आणि खेळाडू यांच्यातील वेतनाच्या वादामुळे संपूर्ण रद्द झाला. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आली होती. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. सिलिंजर तेव्हा ३४ वर्षांचे होते. या वयातील अनेक खेळाडूंना नवी व्यवस्था जड गेली. सिलिंजर यांनी मात्र त्याच २००५-०६ च्या हंगामात ३२ गोल आणि एकूण ६३ गुण अशी कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी केली. त्यांपैकी २२ गोल सेंट लुइससाठी होते. तो संघ त्या वर्षी लीगमध्ये तळाला राहिला, आणि तळाला जाणाऱ्या संघात चांगला खेळणाऱ्या जर्नीमनचे जे व्हायचे तेच झाले : जानेवारी २००६ च्या अखेरीस त्यांना नॅशव्हिलला पाठविण्यात आले. उरलेले दहा गोल तेथे झाले. नॅशव्हिलने बाद फेरी गाठली, पण पहिल्याच फेरीत सॅन होजेकडून तो संघ पराभूत झाला.

त्या उन्हाळ्यात आयलंडर्सने त्यांना तीन वर्षांचा करार दिला. पहिल्या हंगामात ते सर्वच्या सर्व ८२ सामने खेळले आणि त्यांनी २६ गोल केले. २००७ मध्ये त्यांनी हजारावा सामना खेळला. एनएचएलच्या शतकाहून अधिक काळाच्या इतिहासात हा टप्पा गाठणारे खेळाडू काही शेकड्यांतच मोजावे लागतात. त्यानंतर नितंबाच्या सांध्याने दगा दिला. स्केटिंगमध्ये शरीराचा सारा भार आणि प्रत्येक वळणाचा ताण याच सांध्यावर येतो. २००८-०९ मध्ये ते केवळ सात सामने खेळू शकले. शस्त्रक्रियेनंतरही पुनरागमन शक्य झाले नाही आणि ऑगस्ट २००९ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तोवर नियमित हंगामातील १,०४९ सामने, २४० गोल आणि ५४८ गुण त्यांच्या नावे जमा झाले होते.

स्टॅनले चषक मात्र मिळाला नाही. येथे दैवाची गंमत अशी, की त्यांनी सोडलेल्या संघांना तो मिळत गेला. डेट्रॉइटने १९९७, १९९८, २००२ आणि २००८ मध्ये, टँपा बेने २००४ मध्ये आणि अनाहाइमने २००७ मध्ये चषक जिंकला. सिलिंजर निवृत्त होण्यापूर्वीच्या या घटना आहेत. नंतर सेंट लुइसने २०१९ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२४ व २०२५ मध्ये तो पटकावला. चषकावर विजेत्या संघातील खेळाडूंची नावे कोरली जातात. बारा संघांची जर्सी घातलेल्या या खेळाडूचे नाव त्यावर नाही.

सिलिंजर यांना निदान सर्वोच्च लीगमध्येच फिरता आले. बहुसंख्य जर्नीमन खालच्या लीगमधून फिरतात, आणि या संदर्भात भारतीय वंशाच्या रॉबिन बावा यांचे नाव घेतले पाहिजे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील डंकन येथील शीख कुटुंबात १९६६ मध्ये जन्मलेले बावा हे एनएचएलमध्ये खेळलेले भारतीय वंशाचे पहिले खेळाडू. कोणत्याही संघाने त्यांना निवडीत घेतले नव्हते. वॉशिंग्टन संघाने दिलेल्या करारावर वाट पाहत त्यांनी १९८९ मध्ये पदार्पण केले. वॉशिंग्टन, व्हँकुव्हर, सॅन होजे आणि अनाहाइम असे चार संघ झाले, पण एकूण सामने ६१ च. यांतही शेवटचे दोन संघ तेव्हा नव्यानेच स्थापन झालेले होते. उरलेली वर्षे दुय्यम लीगमध्ये, फोर्ट वेनसारख्या लहान शहरांत गेली. डोक्याला झालेल्या दुखापतीने १९९९ मध्ये त्यांची कारकीर्द संपविली.

ज्यांचे वडील भारतीय वंशाचे, ते मॅनी मल्होत्रा या दोघांच्या मधले म्हणता येतील. १९९८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्यांना सातव्या क्रमांकावर निवडले. गोल अपेक्षेइतके झाले नाहीत. २००३-०४ च्या हंगामात डॅलसने त्यांचे नाव 'वेव्हर' यादीत टाकले. या यादीतील खेळाडूस कोणताही संघ काहीही मोबदला न देता उचलू शकतो. कोलंबसने त्यांना घेतले, सिलिंजर तेथून गेल्यानंतर काही महिन्यांनीच. मल्होत्रा यांनीही पुढे फेस-ऑफ हेच आपले शस्त्र केले. मार्च २०११ मध्ये व्हँकुव्हरकडून खेळताना पक डोळ्यावर आदळून दृष्टीवर परिणाम झाला, तरी त्याच वर्षीच्या अंतिम मालिकेत ते बर्फावर परतले. सात संघांकडून ९९१ सामने खेळून ते प्रशिक्षणाकडे वळले. २०२५ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक असलेल्या अॅबट्सफर्ड संघाने अमेरिकन हॉकी लीगचा काल्डर चषक जिंकला.

निवृत्तीनंतर सिलिंजर यांनी एडमंटन ऑयलर्स संघात तरुण खेळाडूंच्या जडणघडणीची जबाबदारी घेतली. त्यांचे तिन्ही मुलगे हॉकीकडे वळले. धाकटे कोल यांना २०२१ च्या निवडीत पहिल्या फेरीत बारावा क्रमांक मिळाला; वडिलांचा अकरावा होता. त्यांना निवडणारा संघ होता कोलंबस, आणि कोल यांचा जन्मही त्याच शहरात मे २००३ मध्ये झालेला. त्या वेळी त्यांचे वडील कोलंबसचेच खेळाडू होते.